यूट घ्यायचीय, पण प्लग कुठे लावणार?

पत्र:

ताई नमस्कार. आम्ही टार्नीटला राहतो, मेलबर्नला येऊन ११ वर्षं झाली. मी टलामरीनला वेअरहाऊसमध्ये आहे, जाऊन-येऊन ६५ किमी. शनिवार-रविवारी टायलिंगची छोटी कामं घेतो. जुनी डिझेल यूट (मागे ट्रे असलेली पिकअप) आता २ लाख ४० हजार किमीवर आलीय, त्यात गेल्या महिन्यात रात्री रस्त्यावर लावलेली असताना कोणीतरी आरसा उडवून गेलं, तेव्हापासून नवीनच घ्यावी असं डोक्यात बसलंय. बीवायडीची शार्क, प्लग-इन हायब्रीड यूट, म्हणजे सॉकेटवर चार्ज होते आणि पेट्रोलवरही चालते, ती चालवून बघितली आणि वेडा झालो. १०० किमीला २ लिटर म्हणतात! कॅरॅव्हॅन पण बघतोय, २१ फुटी, वजन २२०० किलो, शार्कची ओढायची लिमिट २५०० म्हणजे बसली ना? एक मित्र म्हणतो नोव्हेटेड लीजवर घे, म्हणजे कंपनीमार्फत पगारातून हप्ते कापून, टॅक्स वाचतो. दुसरा म्हणतो घेऊ नको, व्हिक्टोरियात प्लग-इनला किमीमागे टॅक्स आहे. बायकोकडे छोटी कोरोला आहे, ती म्हणते क्लुगर हायब्रीड घे, डिसेंबरात साताऱ्याहून आई-बाबा येतायत, त्यांना त्या उंच डब्यात चढवणार आहेस का. दोन मुलं आहेत, ती अर्थातच माझ्या बाजूने. काय करू?
– यूटवेडा, टार्नीट

उत्तर:

दादा, आरशाचं वाचून वाईट वाटलं, पण खरं सांगू का, तुमच्या अख्ख्या पत्रात माझ्या कामाचं वाक्य ते एकच आहे. "रात्री रस्त्यावर लावलेली असताना." गाडी रात्री रस्त्यावर झोपते. मग प्लग-इन हायब्रीडचा प्लग कुठे लावणार? लिटर लिहिलेत, किलो लिहिलेत, दोन मित्रांची मतं लिहिलीत, पण चार्जिंगबद्दल एक अक्षर नाही, आणि ही गाडी तुम्हाला परवडणार की नाही याचं निम्म्याहून जास्त उत्तर त्या एका सॉकेटमध्ये आहे.

टार्नीटची टाउनहाऊसं मला माहितीयत. गॅरेज असतंच. पण त्यात गाडी नसते, त्यात भारतातून आणलेल्या बॅगा असतात, मुलांच्या जुन्या सायकली असतात, गणपतीचं मखर असतं, आणि तुमच्या बाबतीत तर मी पैजेवर सांगते की उरलेल्या टाइल्सचे खोके आणि अर्धवट वापरलेल्या ग्लूच्या बादल्या असणार. (आमच्याकडे पण हेच आहे, फक्त टाइल्सच्या जागी नवऱ्याने "कधीतरी दुरुस्त करू" म्हणून ठेवलेले तीन लॉनमोअर आहेत.)

आता त्या २ लिटरच्या आकड्याकडे येऊ कारण भुरळ त्यानेच घातलीय. तो आकडा खोटा नाहीये पण तो लॅबमधला आहे, आणि त्या टेस्टमध्ये बॅटरी भरलेली असतानाचा आणि रिकामी असतानाचा असे दोन आकडे एकत्र करून सरासरी काढतात, त्यामुळे जो माणूस रोज चार्ज करतो त्याला कदाचित त्याहून कमी पेट्रोल लागेल आणि जो कधीच करत नाही त्याला तो आकडा आयुष्यात दिसणार नाही. कंपनीने स्वतःच बॅटरी उतरलेली असतानाचा वेगळा आकडा दिलाय, १०० ला ७.९ लिटर. २ कुठे आणि ७.९ कुठे. युरोपात तर हा घोळ सगळ्यांसमोर आला, २०२१ मध्ये रजिस्टर झालेल्या गाड्यांच्या आतलाच डेटा काढून युरोपियन कमिशनने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलं की प्लग-इन हायब्रीडचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या साडेतीन पट निघालं. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत हाच फरक २० टक्क्यांच्या आसपास होता. गाड्या बिघडलेल्या नव्हत्या, लोकं समजलं होतं त्यापेक्षा फारच कमी चार्ज करत होते.

गाडी आतून कशी चालते हे एकदा समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. शार्कमध्ये पुढे एक मोटर, मागे एक मोटर, मिळून ३२१ किलोवॅट, आणि दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन. मागच्या चाकांना इंजिन जोडलेलंच नाहीये. हायवेच्या स्पीडला ते पुढच्या चाकांना थेट हातभार लावू शकतं, पण एरवी त्याचं मुख्य काम म्हणजे लग्नात मांडवामागे जनरेटर ठेवतात ना, तेच. मांडवात लाइट आहे तोपर्यंत तो गप्प, लाइट गेली की भर्रर्र. बॅटरी २९.५८ किलोवॅट-अवरची, म्हणजे आपल्या बिलाच्या भाषेत जवळजवळ ३० युनिट. कागदावर १०० किमी, पण तेही जुन्या उदार टेस्टप्रमाणे, आणि गाडी सगळी बॅटरी संपू देत नाही, थोडी राखून ठेवते. एम८० रिंग रोडवर १०० ने जाताना ७५-८० धरा, जुलैच्या सकाळी हीटर लावून निघालात तर आणखी कमी. तुमचे ६५ त्यात बसतात, जेमतेम का होईना.

फोर्डच्या रेंजर प्लग-इनला मात्र कागदावरच ४९ किमी आहेत, तुम्ही घरी यायच्या आधीच ती पेट्रोलवर आलेली असेल. त्यात फास्ट चार्जिंग पण नाही आणि ती आली तेव्हा किंमत ७२ हजाराच्या आसपास सुरू व्हायची, शार्क आली तेव्हा ऑन-रोड खर्च सोडून ५७,९०० ला आली. रेंजर ही ओढणाऱ्यांची आणि चिखलात जाणाऱ्यांची गाडी, तिला लो-रेंज, म्हणजे चिखलात-चढावर हळू पण जोरात ओढणारा गिअर आहे, शार्कला नाही. तुम्ही चिखलाचं काहीच लिहिलं नाहीये म्हणून तो विषय सोडते.

आता पैसे. वही काढा. पेट्रोल, डिझेल दोन्ही हिशोबाला सोपं म्हणून २ डॉलर लिटर धरलंय, तुमच्या पंपावरचा भाव घालून परत करा. जुनी डिझेल यूट १०० ला साडेनऊ लिटर खात असेल तर ६५ किमीला रोजचे साधारण १२ डॉलर ४० सेंट. शार्कला तेवढ्याच रस्त्याला चार्जिंगमधली गळती धरून २० एक युनिट लागतील. घरी दिवसाच्या रेटने, ३० सेंट धरले तर ६ डॉलर. रात्रीचा ईव्ही प्लॅन घेतलात, १२ ते ६ ला ८ सेंटवाला, तर वाटतं १ डॉलर ६० सेंटमध्ये काम झालं, पण थांबा, साधं १० अँपियरचं सॉकेट ६ तासांत १४ युनिटच देतं, उरलेली ६ महागाच्या रेटने येतात, म्हणजे ३ डॉलरच्या आसपास. सगळं स्वस्तात हवं असेल तर भिंतीवर ७ किलोवॅटचा चार्जर बसवायला लागेल, भाड्याचं घर असेल तर त्याला मालकाची परवानगी, इलेक्ट्रिशियन, हे सगळं आलं.

आणि घरी चार्जिंग नसेल तर? शॉपिंग सेंटरच्या फास्ट चार्जरवर ६० सेंट युनिट धरले तर २० युनिटचे १२ डॉलर. डिझेल १२.४०. म्हणजे आठवडाभर संध्याकाळी मुलांना घेऊन चार्जरपाशी बसून तुम्ही २ डॉलर वाचवले. चार्जच केली नाही, पेट्रोलवरच पळवली, तर साडेआठ लिटरच्या हिशोबाने रोजचे ११. वर्षाचे ४६ आठवडे कामाला जाता असं धरलं तर घरी रात्रीच्या प्लॅनवर वर्षाला दोन हजाराच्या थोडं वर वाचतात, घरी दिवसाच्या रेटने दीड हजाराला थोडे कमी, आणि चार्ज न करता ३०० सव्वातीनशे. ३०० डॉलरसाठी ६० हजाराची गाडी? तेवढ्यात तुमचा आरसा नवीन बसेल आणि जुनी यूट अजून दोन वर्षं चालेल.

(रस्त्यावर गाडी लावून फुटपाथवरून केबल ओढायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. रात्री एखादे आजोबा अडखळून पडले म्हणजे? कौन्सिलचं तर नंतर बघू.)

मित्रांचं पटकन उरकते. लीजवाला मित्र जुनी गोष्ट सांगतोय. प्लग-इन हायब्रीडला एफबीटीची (नोकरीतून मिळणाऱ्या सोयींवरच्या टॅक्सची) जी सूट होती ती १ एप्रिल २०२५ पासून गेली, ज्यांचा करार त्याआधीच पक्का झाला होता त्यांचीच चालू राहिली. पूर्ण इलेक्ट्रिकची राहिली, प्लग-इनची गेली, तेव्हा लीजवाला कोणी "इलेक्ट्रिक आहे ना, टॅक्स फ्री" म्हणाला तर त्याच्याकडून ते लिहून घ्या. किमीमागे टॅक्सवाला मित्र पण जुनीच सांगतोय, व्हिक्टोरियाने २०२१ ला प्लग-इनला किमीला २ सेंट लावले होते, ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने तो कायदाच रद्द केला. दोघंही चहा प्यायला बोलवण्यासारखे मित्र आहेत, गाडी घेताना नको.

आता कॅरॅव्हॅन, आणि इथे मी जरा रागावणार आहे, तुमच्यावर नाही, ज्याने तुम्हाला "२२०० किलो" एवढंच सांगितलं त्याच्यावर. २२०० हे टेअर असणार, म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन. शार्कची लिमिट २५०० आहे ती भरलेल्या कॅरॅव्हॅनची. मधे उरले ३००. २१ फुटी कॅरॅव्हॅनला बहुतेक वेळा ९५-९५ लिटरच्या दोन पाण्याच्या टाक्या असतात, त्या भरल्या की १९० किलो गेले. उरले ११०. त्यात गॅसच्या दोन बाटल्या, ऑनिंगखाली टाकायच्या खुर्च्या, टेबल, गाद्या, सायकली, आणि आपल्या लोकांचा कुकर, पोळपाट, पाच किलो आटा, दोन किलो डाळ, चिवड्याचा डबा. कॅरॅव्हॅनच्या प्लेटवर एटीएम नावाचा आकडा असतो, म्हणजे भरलेल्या डब्याचं जास्तीत जास्त वजन, तो बघा, एवढ्या मोठ्या डब्याला तो २५०० च्या वरच असेल.

आणि गोष्ट इथे संपत नाही. कॅरॅव्हॅनचा पुढचा भार टोबॉलवर, म्हणजे यूटच्या मागच्या ज्या गोळ्याला ती अडकवतात त्यावर येतो, साधारण दहावा हिस्सा, म्हणजे २५०० ला २५० किलो, आणि हे २५० यूटच्या पेलोडमधून, म्हणजे माणसं-सामान मिळून तिच्यावर चढवता येणाऱ्या वजनातून वजा होतात. शार्कचा पेलोड ७९० किलो. वजा २५०, राहिले ५४०. तुम्ही चौघं मिळून दोन-सव्वादोनशे, राहिले सव्वातीनशे. त्यात टोबारचं स्वतःचं वजन, ट्रेवर कॅनपी, म्हणजे वरचं छप्पर टाकलंत तर ते, त्यात आइसबॉक्स. बसतं, पण तुम्हाला वाटत होतं तसं ऐसपैस नाही.

ओढताना काय होतं ते तुम्हाला टेस्ट ड्राइव्हमध्ये कळलं नसणार, कारण रिकामी यूट शोरूमभोवती फिरवली की ती ५.७ सेकंदात शंभरावर जाते आणि माणूस वेडा होतो, तुम्ही झालात तसा. पण टार्नीटहून हॉल्स गॅपला निघालात, मागे दोन टनांचा डबा, बॅकस मार्श ओलांडलं की वेस्टर्न फ्रीवे पेंटलँड हिल्सचा लांब चढ चढायला लागतो. तिथे पोचेपर्यंत बॅटरी बरीचशी उतरलेली असेल तर सगळा भार त्या दीड लिटरच्या जनरेटरवर, तो ओरडायला लागतो, बायको म्हणते "काहीतरी बिघडलंय का". बिघडलेलं नसतं. यावर उपाय आहे, मेन्यूत जाऊन बॅटरी ७० टक्क्यांपर्यंत राखून ठेवायला सांगता येतं, ते घरून निघतानाच करायचं, चढ दिसल्यावर नाही. पेट्रोल ओढताना १५-१६ च्या खाली मिळेल अशी आशा ठेवू नका, टाकी ६० लिटरची, म्हणजे पावणेचारशे किमीत संपली. वर्षातून दोनदा हॉल्स गॅप किंवा ब्राइटला जाणार असाल तर हे चालतं हो. पुढेमागे नलारबॉर ओलांडून पर्थला जायची स्वप्नं असतील तर डिझेलच बघा.

गाडीची नुसती निंदा करतेय असं वाटायला नको, म्हणून एक सांगते. मागच्या गणपतीला आमच्या कार्यक्रमात आरतीनंतर हॉलच्या किचनचा ब्रेकर पडला, दीडशे माणसं, चहाचे दोन मोठे अर्न, प्रत्येकी २४०० वॅटचे, दोन्ही थंड. केअरटेकर फोन उचलेना. एकाची शार्क मागच्या पार्किंगमध्ये उभी होती, त्याने ट्रेचं झाकण उघडलं, आतल्या सॉकेटला दोन्ही अर्न लावले, ६.६ किलोवॅट देते ती, आणि वीस-पंचवीस मिनिटांत ट्रेवरच चहाचं दुकान सुरू झालं, आवाज नाही, धूर नाही. जाताना त्याने बघितलं तर बॅटरी दहा टक्केही उतरली नव्हती. तुमच्या टायलिंगला ह्याचा खरा उपयोग आहे, लाइट नसलेल्या नव्या घरात कटर, मिक्सर, दिवे, सगळं गाडीवर चालेल, जनरेटर न्यायला नको. हा मुद्दा तुम्ही पत्रात लिहिलाच नाहीत आणि माझ्या मते तुमच्यासाठी शार्क घ्यायचं सगळ्यात चांगलं कारण हेच आहे, २ लिटर नाही.

वहिनींचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. मोजा. तुम्ही, वहिनी, दोन मुलं, आई, बाबा. सहा. शार्कच्या सीटा पाच. आई-बाबा असेपर्यंत कुठेही निघालात की मागून कोरोला काढायची, मग यूट घेऊन काय मिळवलं? क्लुगरला सात सीटा, १०० ला ५.६ लिटर, हा पण लॅबचाच आकडा पण ह्याला प्लग लागत नाही त्यामुळे रस्त्यावर फार बदलत नाही. ओढायची लिमिट २००० किलो. टायलिंग शनिवार-रविवारचंच आहे ना? मग एक ६ बाय ४ चा ट्रेलर घ्या किंवा भाड्याने आणा, ग्लूच्या पिशव्या आणि टाइल्स त्यात, गाडी धुळीपासून वाचते. यूटमध्ये जी ऐट आहे ती ट्रेलरमध्ये नाही हे मला मान्य आहे. गावाकडे बोलेरो पिकअपमधून उतरणारा आणि एसटीतून उतरणारा यांच्यात जो फरक असतो तोच.

तर माझं मत, जसं आहे तसं. आत्ता काहीच घेऊ नका. आरसा बसवून घ्या, जुनी डिझेल आई-बाबा परत जाईपर्यंत चालवा. येत्या रविवारी टायलिंगचं काम घेऊ नका, गॅरेज रिकामं करा. शार्क ५,४५७ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे साडेपाच मीटरला दोन-तीन बोटं कमी, आणि आरसे सोडून रुंदी दोन मीटरला जरा कमी. टेप घेऊन आतल्या भिंतीपासून शटरपर्यंत मोजा, हॉट वॉटरची टाकी किंवा शेल्फ मधे येत असेल तर तिथून मोजा, दोन्ही बाजूंना दार उघडायला जागा राहते का बघा. मग आत कुठे सॉकेट आहे ते शोधा, आणि ते कशाकशाबरोबर एका लाइनवर आहे ते इलेक्ट्रिशियनला बघायला सांगा, रोज दहा-दहा तास भार घ्यायचाय त्याने, एक्स्टेंशन बोर्डवर हे काम करायचं नाही म्हणजे नाही. गाडी बसली, सॉकेट मिळालं, तर शार्क घ्या, आनंदाने घ्या, आणि कॅरॅव्हॅन १७००-१८०० टेअरच्या आतली बघा. जीडब्ल्यूएमची कॅनन अल्फा प्लग-इन पण एकदा चालवून या, तिची बॅटरी ३७.१ युनिटची आणि ओढायची लिमिट ३५०० आहे, ती २१ फुटी कॅरॅव्हॅन मनातून जातच नसेल तर शार्कपेक्षा तिचं गणित बरं बसेल, पेलोड मात्र तिचाही तपासा, मोठ्या बॅटरीचं वजन कुठूनतरी वजा होतंच. वॉरंटीत शनिवार-रविवारचं पैसे घेऊन केलेलं काम धरतात का तेही सही करायच्या आधी वाचा.

गॅरेजमध्ये नाही बसली तर वहिनींचं ऐका.

आणि हो, मोजताना मुलांना बरोबर घ्या, टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतंच. किती मिलिमीटर भरलं ते मला कळवा.

– ताई